मामांनी पसंत केलेला स्कोप

"आधी वजन बघा," मामा म्हणाले आणि ती पेटी त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावरून वीतभर उचलून परत ठेवली. "ह्याला माल म्हणतात. नाहीतर ही दुसरी! आमची त्रिशलासुद्धा एका हातानं उचलेल."

मी लगेच ती दुसरी पेटी एका हातानं उचलून दाखवली. वीस वर्षांची होते, कुणी नाव घेतलं की पुढं पुढं करायची हौस. आता आठवलं की माझाच हात मोडावासा वाटतो.

पुण्यात बुधवार पेठेतल्या एका बोळात, पानसे नावाच्या गृहस्थांच्या गाळ्यात आम्ही उभे होतो. बंद पडलेल्या कारखान्यांतली मोजमापाची यंत्रं विकत घ्यायची, झाडून-पुसून, दुरुस्त करून परत विकायची, हा त्यांचा धंदा. आम्ही जयसिंगपूरहून पहाटेच्या एसटीनं आलो होतो. एक पेटी घ्यायला माणसं पाच! माझा थोरला भाऊ सुकुमार, त्याला ती पेटी हवी होती. आप्पा, म्हणजे आमचे वडील, कारण पैसे त्यांचे. आप्पांची बहीण आत्ती, कारण मामांना साखरेचा आजार आणि त्यांचं खाणंपिणं तिच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. आत्तीचे मालक, आमच्या भागात आत्तीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. आणि मी. मला पुणं बघायचं होतं.

पेटी म्हणजे ऑसिलोस्कोप. सुकुमार नुसतं स्कोप म्हणायचा. छातीला वायरी लावून डॉक्टर कागदावर ठोक्यांची रेघ काढतात ना, तसं हे यंत्र विजेची रेघ काढतं, काचेवर, हिरवी. सुकुमार तेव्हा चोवीस वर्षांचा. डिप्लोमा करून इचलकरंजीत एका दुकानात यंत्रमागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाट्या, दुरुस्त करायचा. हात चांगला होता त्याचा. शिरोलीच्या एमआयडीसीत शहापुरे म्हणून कारखानदार होते. त्यांच्याकडं संगणकावर चालणारी, लोखंड कातणारी लेथ मशिनं होती, आणि त्यांची कार्डं बिघडली की बेंगलोरला पाठवायची, महिनाभर मशीन झाकून ठेवायचं. ते सुकुमारला म्हणाले होते, "दोन कार्डं देतो. संक्रांतीच्या आत चालू करून दे. जमलं तर माझं सगळं काम तुझं, आणि शेजारच्या दोघांना मी स्वतः सांगतो." सुकुमारनं दुकानातली नोकरी सोडायचं ठरवलं. घराच्या पुढच्या खोलीत बाक मांडला. बाकीची हत्यारं होती. स्कोप तेवढा नव्हता, आणि त्याशिवाय ते काम होण्यासारखं नव्हतं.

त्यासाठी आप्पांनी पोस्टातले चौदा हजार काढले. शेतीच्या औषधांचं छोटं दुकान आमचं, त्यात एवढे पैसे एकदम कुणी बघितले नव्हते. पाकीट सुकुमारच्या हातात देण्याआधी आप्पा एकच वाक्य म्हणाले, "दाजींना घेऊन जाऊ. त्यांना त्यातलं कळतं."

आता दाजींचं म्हणजे मामांचं सांगायला पाहिजे. माझी आई मी लहान असतानाच गेली. त्याच वर्षी मामा कामाला होते ती सूतगिरणी बंद पडली. आत्ती आणि मामा आमच्याकडं आठ दिवसांसाठी म्हणून आले आणि मागच्या दोन खोल्यांत राहिले ते राहिलेच. त्यांना मूलबाळ नाही, आम्हाला आई नाही. आत्तीनं आम्हाला वाढवलं. माझ्या वेण्या, सुकुमारचे डबे, आप्पांच्या धोतराच्या निऱ्या, सगळं आत्ती. मामा मात्र सासुरवाडीला येऊन राहिलेले जावई. गल्लीतले लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत, पण कट्ट्यावरनं गेले की हसायचे. ते आप्पांना झोंबायचं. म्हणून आप्पांनी एक रीत पाडली होती. घरात काही करायचं तर आधी दाजींना विचारायचं. पंखा कुठला घ्यायचा, दाजींना विचारा. गॅसची नळी बदलायची, दाजींना विचारा. मामा दोन मिनिटं विचार करायचे, मग काहीतरी सांगायचे, आणि आप्पा म्हणायचे, "तुम्ही म्हणाल तसं, दाजी." घरातला सगळ्यांत मोठा मान होता तो. पंखा थोडा डगमगला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्यात मामा लग्नाआधी चार वर्षं फौजेत होते. सिग्नलमध्ये. "वायरलेसवाले," आत्ती सांगायची. म्हणजे विजेच्या यंत्राचा विषय निघाल्यावर दाजींना घेतल्याशिवाय निघणं शक्यच नव्हतं. सुकुमारनं रात्री माझ्याकडं बघून डोळे फिरवले होते, एवढंच.  जावयाला उलट बोलायचं नाही, हे आम्हाला पाजूनच मोठं केलं होतं.

तर पानशांच्या गाळ्यात दोन पेट्या टेबलावर होत्या. एक आपल्याकडचीच, साधी, रंग उडालेली, कडेला ओरखडे. दुसरी परदेशी, निळसर, मोठी, वर पितळी कडी. पानशांनी आधी साधी चालू केली. काच थोडी गरम झाली, आणि एकाखाली एक अशा दोन हिरव्या रेघा उमटल्या. सुकुमारनं बटणं फिरवली तशा त्या वरखाली झाल्या, एकमेकीजवळ आल्या, लांब गेल्या. मी सुकुमारचं तोंड बघितलं. लहानपणी जत्रेत पाळण्यावर बसायच्या आधी असायचं तसं झालं होतं.

"काय काम करणार?" पानशांनी विचारलं. त्यांना बोलायचा कंटाळा असावा, प्रत्येक शब्द तोलूनमापून.

"लेथची कार्डं," सुकुमार म्हणाला. "फिरकीच्या दोन लहरी एकदम बघायच्यात."

"मग हाच. दोन रेघा लागतील तुम्हाला."

झालं होतं की काम! पैसेसुद्धा उरत होते. तेवढ्यात मामा पुढं झाले आणि ती मोठी पेटी उचलून, "आधी वजन बघा," म्हणाले.

"ही किती?" आप्पांनी विचारलं.

"चौदा. पण तिला एकच रेघ आहे."

"आणि ह्यावर हे काय लिहिलंय?" मामांनी बोट ठेवलं.

"शंभर मेगाहर्ट्झ. ती साधी वीसची."

"हे शंभर आणि ते वीस." मामांनी आप्पांकडं बघितलं. "शंभर मोठं का वीस?"

"शंभर," आप्पा म्हणाले.

"मग? संपलं की."

सुकुमार हसला, लहान मुलाला समजवायला हसतात तसा. "मामा, आपल्या कामाला वीस पुष्कळ होतं. मला दोन रेघा पाहिजेत. मशीन कुठल्या बाजूला फिरतंय ते दोन लहरींवरनं कळतं. एक दुसरीच्या जरा पुढं असते. कोण पुढं आणि कोण मागं, ते दोघींना एकाच वेळी बघितल्याशिवाय समजत नाही."

"एकीला आधी बघायचं, मग दुसरीला बघायचं," मामा म्हणाले. "घाई काय आहे?"

पानशांनी वर बघितलं. मला वाटलं, आता हे बोलतील. पण ते चष्मा पुसायला लागले.

"तसं होत नाही मामा," सुकुमार म्हणाला.

"अरे, ते सिग्नलमध्ये होते," मागनं आत्ती म्हणाली. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, मोतिया रंगाची, लग्नकार्याला काढायची ती. पुण्याला जायचं म्हणून. "त्यांनी असली यंत्रं किती हाताळली असतील."

मामांनी खिशातनं रुमाल काढून कपाळ पुसलं. डिसेंबर होता, गाळ्यात गारवा होता, तरी घाम. मग मोठ्या पेटीवर हात ठेवून म्हणाले, "फौजेत असलाच माल असायचा. हलकं काही चालायचंच नाही." आणि सुकुमारकडं बघितलं. मला तेव्हा वाटलं, काय हा तोरा माणसाचा! प्रत्येक वाक्य बोलून झालं की पोराच्या तोंडाकडं बघायचे, जणू हिंमत असेल तर बोल.

मी तोंड उघडलं. "आप्पा, पण सुकुमारला—"

"तू गप्प बस," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण असं म्हणाले की मी गप्पच बसले.

मग आप्पा, पानसे आणि मी मागच्या खोलीत एक छोटा पंखा बघायला गेलो, पानशांना तो स्वस्तात काढायचा होता. पाचेक मिनिटं गेली असतील. परत आलो तेव्हा आत्ती स्टुलावर बसली होती, मामा आणि सुकुमार दोन्ही पेट्यांसमोर उभे. आत्ती पानशांना म्हणाली, "उन्हं उतरली. आम्हाला दिवसाउजेडी जेवायला लागतं. सूर्य मावळल्यावर आम्ही पाण्याशिवाय काही घेत नाही. ह्यांना तर उपाशी ठेवून चालत नाही. काय ते ठरवा बाबा लवकर."

आप्पांनी घड्याळ बघितलं, मग बाहेर बोळाच्या तोंडाशी उरलेलं ऊन बघितलं. "तर काय दाजी? तुम्ही म्हणाल तसं."

मामा दोन्ही पेट्यांकडं बघत राहिले. पानसे म्हणाले, "घेणारे तुम्ही. फक्त एक सांगतो, एकदा नेलेला माल मी परत घेत नाही."

आणि सुकुमार म्हणाला, "ही मोठीच घेऊ."

मला आजही तो आवाज आठवतो. रुसलेला नाही, चिडलेला नाही. गिरणीवर दळण टाकून यावं तसा साधा. आप्पांनी पाकीट पुढं केलं. आत्ती म्हणाली, "बघा! शेवटी ह्यांचंच पटलं." आम्ही धावतपळत एका ओळखीच्यांकडं जाऊन दिवस असेपर्यंत चार घास खाल्ले. मामा धड जेवले नाहीत. "प्रवासानं," आत्ती म्हणाली.

घरी आल्यावर पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळ मामांच्या हातानं. गल्लीतली माणसं बघायला आली. मामा दाराशी उभे राहून सांगत होते, परदेशी आहे, शंभरचा आहे. ज्या कट्ट्यावर त्यांना हसायचे ना, तिथलेच लोक "व्हय काय!" म्हणत होते. आत्ती दोन-तीनदा चहा करून दमली नाही.

सुकुमारनं काम सुरू केलं. शहापुऱ्यांचं पहिलं कार्ड सोपं निघालं, दोन दिवसांत झालं. दुसऱ्या कार्डात गोम होती. गरम झालं की त्या दोन लहरींतली एक किंचित मागं सरकायची, असा त्याला संशय होता. पण बघायचं कसं? एका लहरीचा आधार घेऊन दुसरी बघायची एक सोय त्या पेटीतही होती म्हणे, वेगळं भोक असतं तार घालायला, पण नेमकं तेच मेलेलं. आतला भाग परदेशी, इथं कुठंच मिळेना. मग तो एक लहर बघायचा, काचेवर पातळ कागद धरून पेन्सिलीनं गिरवायचा. मग दुसरी बघायची, तिचा कागद. मग दोन कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडं धरायचा. सबंध खोलीभर तसले कागद.

"जमतंय?" मामा दारात येऊन विचारायचे. आत येत नसत.

"जमतंय मामा," सुकुमार म्हणायचा.

एके दिवशी मी फट्दिशी भांडले त्याच्याशी. "तुला तोंड नव्हतं काय तिथं? पानसेसुद्धा सांगत होते. मी बोलायला गेले तर आप्पांनी गप्प केलं. तू तरी बोलायचं होतंस की! तुझा धंदा आहे, मामांचा नाही."

"होतं की तोंड," तो म्हणाला आणि कागद उजेडाला धरला.

"मग बोलला का नाहीस?"

"कॉलेजला जा, उशीर होईल." मी तेव्हा डी.एड. करत होते. मी दार आपटून गेले.

संक्रांत जवळ आली तसा तो अंदाजानं एक भाग बदलून कार्ड शहापुऱ्यांकडं घेऊन गेला. अंदाज चुकला. मशीन थंड असताना झकास चाललं, सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तासाभरानं तापलं, आणि कापायचं हत्यार पुढं जायच्या जागी मागं गेलं, मागं म्हणजे थेट फिरत्या भागावर. हत्यार मोडलं, ते धरणारा खांब वाकला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. शहापुरे चांगले गृहस्थ होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "हुशार आहेस रे. पण एवढी किमतीची मशिनं आहेत, मला धोका घेता येत नाही." शेजारच्या दोघांना त्यांनी काही सांगितलंच नसेल. सांगितलं असेल तर हेच सांगितलं असेल.

इचलकरंजीच्या दुकानात त्याची जागा भरली होती. दोन-चार महिने त्यानं टीव्ही, मिक्सर, असलं काही केलं. मग लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत लागला, सुरतेला. जाताना आत्तीनं त्याला आठ दिवस पुरेल एवढं खायला बांधून दिलं आणि दारातच रडली. मामा मागच्या खोलीतनं बाहेर आले नाहीत. सुकुमार आत जाऊन त्यांच्या पाया पडून आला.

त्याचं तिकडंच लग्न झालं, तिकडंच घर झालं. वाईट काही नाही. पगार चांगला, मुलगी शिकली. पण ज्या माणसाचे हात कार्डावर चालायचे, तो बावीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात तेल घालत राहिला. आप्पा जाईपर्यंत एकच म्हणत राहिले, "त्याच्या मनात होतं का कुणास ठाऊक स्वतःचं काही करायचं." मनात नव्हतं म्हणे! माझ्या जिवाची तडफड व्हायची, पण आप्पांना काय बोलायचं.

गेल्या वर्षी आत्ती गेली. मामा आता ऐंशीच्या पुढं. मी जयसिंगपुरातच आहे, शाळेत शिकवते. घर आता माझ्याकडंच, मामा त्याच मागच्या खोलीत. शनिवारची शाळा सकाळची, दुपारी घरी येऊन मी त्यांच्याजवळ बसते. कान कमी झालेत, मोठ्यानं बोलावं लागतं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी त्यांना औषध दिलं आणि उठणार, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बस. तुला एक सांगायचंय."

"सांगा की."

"तुझी आत्ती असताना बोलता येत नव्हतं." ते म्हणाले. "मी सिग्नलमध्ये होतो हे खरं. पण वायरलेसचा नव्हतो. स्टोअरला होतो. पेट्या यायच्या, त्या वजन करायच्या आणि वर पांढऱ्या रंगानं नंबर घालायचा. चार वर्षं मी नंबर घातले. बाकी आत काय असतं, मला काही माहीत नाही."

मी हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली.

"लग्न ठरवताना मधल्या माणसानं सांगितलं, मुलगा वायरलेसमध्ये आहे. मी नाही म्हणालो नाही. तुझ्या आत्तीला ते आवडलं. मग आयुष्यभर तेच. ती गेली तेव्हासुद्धा तेच समजून गेली."

"मग मामा, पुण्याला..."

"पुण्याला मला न्यायला नको होतं. आप्पा म्हणाले चला, तर मी काय म्हणणार? तिच्यासमोर?" त्यांचे डोळे भरले होते, पण ते पुसत नव्हते. "मी तिथं काहीही बोलत होतो. वजन काय, शंभर काय. आणि दर वेळी सुकुमारकडं बघत होतो. म्हटलं आता म्हणेल, मामा तुम्हाला कळत नाही, गप्प बसा. आता म्हणेल. म्हणाला असता तर मी म्हणालो असतो, बरोबर आहे तुझं, आमच्या वेळचं वेगळं होतं. तेवढं मला म्हणता आलं असतं. पण कुणीच काही म्हणेना. शेवटी तर तो स्वतःच म्हणाला, ही घेऊ. मग मी काय करायचं, सांग?"

मला राग यायला पाहिजे होता. इतकी वर्षं मी त्या तोऱ्याला शिव्या घातल्या होत्या मनातल्या मनात. आणि तो तोरा नव्हताच. 

"त्याला सांगशील?" मामा म्हणाले. "मला फोनवर ऐकू येत नाही, आणि आलं तरी माझ्याच्यानं व्हायचं नाही. तू सांग. आत्ताच सांग, माझ्यादेखत."

मी फोन घेऊन परसात गेले. खिडकीतनं मामा मला दिसत होते, मी त्यांना. सुकुमारनं पहिल्याच रिंगला उचलला. मी सगळं सांगितलं, एका दमात, पेट्या, नंबर, वजन, सगळं.

 

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"मामांना काही कळत नाही ते. तिथंच कळलं होतं. तू आणि आप्पा पंखा बघायला आत गेला होता ना? तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, ह्याचं आवाजाचं बटण कुठलं रे? स्कोपला कुठला आलाय आवाज!"

"आणि तू गप्प बसलास? सुकुमार, अरे!"

"बोलणार होतो गं. म्हटलं, मामांना बाजूला घेतो आणि समजावतो. तेवढ्यात तुम्ही आलात. आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. मामांना बोलता येईना. आणि आत्ती स्टुलावरनं उठून उभी राहिली. त्यांच्याकडं अशी बघत होती... तू नाही बघितलंस. मी बघितलं. आता हे चुकीचं काही बोलले, किंवा मी बोललो, तर तिचं काय झालं असतं तिथं? आपल्याला कुणी वाढवलं?"

"पण तुझं सगळं आयुष्य—"

"ते तेव्हा मला काय माहीत?" त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मला वाटलं, पेटीच तर आहे. वर्षभरात दुसरी घेऊ."

मी परसातल्या दगडावर बसले. खिडकीत मामा तसेच बसलेले, मान पुढं काढून, माझ्या तोंडाकडं बघत.

"मामांना काय सांगू मग? तुला माहीत होतं असं सांगू?"

"छे छे! वेडी आहेस काय? मला माहीत होतं हे कळलं तर मरतील ते. आत्ती आता नाही, पण तरी नको. तू काहीतरी सांग." मग म्हणाला, "गोळ्या घेतात ना वेळेवर?"

"घेतात."

"मग ठेव."

मी डोळे पुसून आत गेले. मामांनी कानामागं हात धरला.

"काय म्हणाला?"

मी त्यांच्यासमोर बसले, तसं त्यांनी दुसऱ्या हातानं परत माझं मनगट धरलं. जे ठरवून आले होते, झालं गेलं विसरा मामा, त्याच्या मनात काही नाही, ते तोंडातनं निघेना. कारण त्यांनी लगेच विचारलं, "चिडला काय?" आणि ते घाबरून नव्हतं विचारलेलं. वाट बघत होते.

"चिडला," मी मोठ्यानं म्हणाले. "लई चिडला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं तर गप्प बसायचं होतं. माझं वाटोळं केलंत, म्हणाला."

मामांनी डोळे मिटले. बराच वेळ मान हलवत राहिले, हळूहळू, आणि मग माझ्या मनगटावरची त्यांची बोटं सैल झाली.

"बरं झालं," ते म्हणाले. "बोलला एकदाचा."